इंकजेटवर छापून घरी केलेली पीसीबी: शेवटी जमली

पीसीबी म्हणजे सर्किटचा बोर्ड: त्यावरच्या तांब्याच्या थरातून हव्या त्या रेघा (ट्रॅक) झाकून ठेवायच्या आणि बाकीचं तांबं विरघळवायचं. झाकायला लेसर प्रिंटरचा टोनर इस्त्रीने तांब्यावर उतरतो, इंकजेटची शाई उतरत नाही. म्हणून मी पुण्याच्या बुधवार पेठेतून तांब्यावर चिकटवायची निळी ड्राय फिल्म आणली. यूव्ही (अतिनील) उजेड लागला की ती कडक होते आणि खालचं तांबं झाकून ठेवते. उजेड न लागलेला भाग सोड्याच्या पाण्यात धुऊन जातो. त्यामुळे ट्रान्सपरन्सीवर (पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर) निगेटिव्ह छापायची: ट्रॅक पारदर्शक, बाकी सगळं काळं.

पहिले तीन बोर्ड वाया गेले. पाण्यात कितीही हलवा, ट्रॅकच्या मधली फिल्म सुटेचना. मला वाटलं, सोडा कमी पडतोय. मग ट्रान्सपरन्सी खिडकीसमोर धरली, तर काळ्या भागात टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं आणि आडव्या फिकट रेघा. उजेड तिथूनच झिरपत होता!

मग तेच डिझाइन दोनदा छापलं, दोन्ही प्रती तंतोतंत जुळवून कडेला चिकटपट्टी लावली. छापलं आरशातल्यासारखं उलटं, म्हणजे शाईची बाजू थेट फिल्मला टेकते. नाहीतर प्लास्टिकच्या जाडीतून उजेड बाजूला पसरून ट्रॅक फुगतात. वर काच दाबली. उजेडाची वेळ ठरवायला आधी फिल्म लावलेल्या एका तुकड्यावरून दर 30 सेकंदांनी पुठ्ठा सरकवत गेलो, म्हणजे प्रत्येक पट्ट्याला वेगळा वेळ उजेड मिळतो. माझ्या यूव्ही दिव्याला 2 मिनिटं पुरली.

सोडा धुण्याचाच घ्या, लिटरला 10 ग्रॅम. आणि त्याआधी फिल्मवरचं दुसरं पारदर्शक आवरण (पहिलं फिल्म चिकटवतानाच काढतात) आठवणीने सोला.

उघडं तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडमधून बोर्ड काढला, तेव्हा आयसीच्या (चिपच्या) दोन पायांमधून गेलेला ट्रॅकसुद्धा अखंड होता.