आधी वॉर्ड, मग भूत: रुग्णालयातली भयमालिका कशी लिहावी

रुग्णालयाच्या मालिकेत भूत आणायचं ठरलं की बहुतेक लेखक आधी भुताची गोष्ट रचतात. कोण मेलं, कसं मेलं, सूड कुणावर उगवायचा. मग त्या गोष्टीवर पांढरे कोट चढवतात, आणि मालिका तिथेच फसते. उलट्या क्रमाने जा. भूत काढून टाकलं तरी पाहावासा वाटेल असा वॉर्ड आधी उभा करा. प्रेक्षक त्या वॉर्डवर विश्वास ठेवतील, तरच तिथलं विपरीत त्यांना टोचेल.

या प्रकाराची ओढ कशात आहे हे एकदा नीट समजून घेतलं, की पुढचे निर्णय सोपे होतात. झपाटलेल्या घराच्या गोष्टीत प्रेक्षकाच्या मनात सतत येतं, ही माणसं घर सोडून जात का नाहीत? रुग्णालयात हा प्रश्नच उरत नाही. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण उठून जाऊ शकत नाही, आणि रात्रपाळीची नर्स त्याला टाकून जाऊ शकत नाही. शिवाय इथे प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहिली जाते. नाडी, ताप, औषध, मृत्यूची वेळ, सगळं कागदावर असतं. इतकी नोंद ठेवणाऱ्या जागी एक आकडा चुकला, तरी अंगावर काटा येतो. तुमचं खरं भांडवल या दोन गोष्टी आहेत: निघता न येणं आणि नोंद.

नकाशा आणि घड्याळ

पहिला भाग लिहिण्याआधी मजल्याचा नकाशा काढा. खाटा किती, नर्सिंग स्टेशन कुठे, तिथून कोणत्या खाटा थेट दिसतात आणि कोणत्या भिंतीआड जातात, स्ट्रेचरची लिफ्ट किती पावलांवर, शवागाराकडे जायचा रस्ता कुठून. समजा २४ खाटांचा वॉर्ड आहे, रात्री दोन नर्स आहेत आणि स्टेशनवरून १६ खाटा दिसतात. मग उरलेल्या आठ खाटांवर तुमची मालिका चालते. एका भागात ९ नंबरची खाट खिडकीशी आणि पुढच्या भागात दाराशी दिसली, तर प्रेक्षक ते पकडतात आणि भीती विरते. नकाशा भिंतीवर लावा आणि दिग्दर्शक, कलादिग्दर्शक यांच्याकडेही तोच द्या.

घड्याळही तसंच. पाळी बदलताना हँडओव्हर होतो. जाणारी नर्स येणारीला खाटेगणिक माहिती देते. पात्रांची आणि आजारांची ओळख करून द्यायला याहून चांगला प्रसंग नाही, कारण इथे माहिती सांगणं हेच त्यांचं काम असतं. त्यानंतर औषधांची फेरी, ठरलेल्या तासांनी नाडी-रक्तदाब, आणि मग मध्यरात्रीनंतरचा लांबलचक पट्टा. पहाटे ३ ते ५ च्या सुमारास शरीराचं तापमान दिवसातल्या सर्वांत खालच्या पातळीजवळ असतं आणि सावधपणाही ओसरलेला असतो. मुख्य घटना तिथे ठेवा. तेव्हा नर्सला काही दिसलं, तर तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच भरवसा कमी असतो. एक भाग म्हणजे एक ड्युटी ही चौकट लेखनाला फार सोयीची पडते. सुरुवात, शेवट आणि कोण कधी हजर असणार, हे सगळं आपोआप ठरतं.

यंत्रांना काम द्या

भीतीसाठी दारं करकरवायची गरज नाही. वॉर्डात त्याहून चांगली सामग्री पडलेली असते, फक्त ती कशी चालते ते माहीत हवं.

कॉल बेल घ्या. अनेक व्यवस्थांमध्ये रुग्णाने वाजवलेली बेल स्टेशनवरून बंद होत नाही. खाटेजवळ जाऊनच रद्द करावी लागते. आता ९ नंबरचा रुग्ण रात्री १:१० ला गेला, खाट पुसून झाली, नवी चादर घातली, आणि ३:४० ला स्टेशनवर ९ चा दिवा लागला. नर्सला तिथे जावंच लागेल. तिला धाडसी किंवा मूर्ख दाखवायची गरज उरत नाही, यंत्रच तिला खोलीत नेतं. तिथे ती काय करेल? किंचाळणार नाही. बटणाची वायर खाटेच्या कठड्यात अडकली आहे का ते पाहील, कारण बऱ्याचदा तसंच असतं. वायर मोकळी लोंबते आहे. ती बेल रद्द करते आणि परत येते. दहा मिनिटांनी पुन्हा ९. या वेळी ती वायर भिंतीतून उपसून हातात घेऊन स्टेशनवर येते. तिसऱ्यांदा काय होणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि तरी तो श्वास रोखून बसतो.

आयसोलेशन खोलीचं दारही असंच उपयोगी. हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या रुग्णासाठी खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे हवा बाहेरून आत ओढली जाते. शस्त्रक्रियागृहात उलट असतं. तिथे दाब जास्त, हवा आतून बाहेर ढकलली जाते. आयसोलेशनच्या बंद दाराच्या खालच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरली, तर ती आतल्या बाजूला ओढली जायला हवी. ही साधी चाचणी पहिल्या भागात सहज दाखवून ठेवा. चौथ्या भागात तीच पट्टी बाहेरच्या बाजूला फडफडू दे. त्या एका कागदाच्या हालचालीत जी भीती आहे, ती संगणकावर रंगवलेल्या धुराच्या आकृतीत येणार नाही. तांत्रिक बिघाडानेही तसं होऊ शकतं, म्हणून शंका शिल्लक राहते.

मॉनिटर फार जपून वापरा. रुग्ण दात घासत असेल, तर हाताच्या हालचालीमुळे ईसीजीची रेघ जीवघेण्या लयीसारखी दिसू शकते. नर्स धावत येते आणि रुग्ण ब्रश तोंडात धरून तिच्याकडे बघत असतो. असा फसवा इशारा आधी एकदा दिला, की खऱ्या वेळी नर्स सावकाश चालत येते आणि उशीर होतो. पेसमेकर असलेला रुग्ण गेला, तरी यंत्र विजेचे ठोके देत राहतं आणि पडद्यावर उभ्या रेघा उमटत राहतात. शरीर संपलेलं असतं, यंत्राला पत्ता नसतो. हे शंभर टक्के खरं आहे, आणि लिहिताना त्यावर काहीच चढवावं लागत नाही.

वीज जाण्याचे प्रसंग बहुतेक मालिका चुकीचे लिहितात. दिवे गेले आणि सगळं शांत झालं, असं दाखवतात. प्रत्यक्षात व्हेंटिलेटर आणि औषधाचे पंप बॅटरीवर चालू राहतात आणि मुख्य वीज गेल्याचा इशारा एकाच वेळी अनेक यंत्रं देऊ लागतात. जनरेटर भार घेईपर्यंत काही सेकंद अंधार आणि कलकलाट. त्या कलकलाटात एकच यंत्र गप्प आहे, हे नर्सच्या लक्षात येतं. प्रसंग असा लिहा.

दोन स्पष्टीकरणं, आणि उरलेला तुकडा

प्रत्येक विपरीत घटनेला एक पटण्याजोगं वैद्यकीय कारण असलंच पाहिजे. संहितेच्या वहीत प्रत्येक घटनेपुढे चार रकाने आखा: काय दिसलं, कुणाला दिसलं, डॉक्टर काय म्हणतील, आणि त्यानंतरही काय उरतं. चौथा रकाना रिकामा असेल तर तो साधा वैद्यकीय प्रसंग. तिसरा रिकामा असेल तर भूत फार लवकर उघडं पडलं. आठ भागांची मालिका असेल, तर निदान पाचव्या भागापर्यंत तिसरा रकाना भक्कम ठेवा.

वैद्यकशास्त्र यासाठी भरपूर साहित्य देतं. आयसीयूतल्या रुग्णांना डिलिरियम होतो. त्यात माणसं, किडे, आवाज भासतात, अवस्था तासागणिक बदलते आणि रात्री बहुधा वाढते. दृष्टी खूप अधू झालेल्या काही वृद्धांना बुटकी माणसं किंवा नक्षी स्पष्ट दिसते आणि ते खरं नाही हेही त्यांना कळत असतं. याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. मेंदूमृत रुग्णाचे हात कधी कधी आपोआप उचलले जाऊन छातीवर येतात; ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते, तिला लाझरस चिन्ह असं नाव आहे. बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबतात, ते थांबवल्यावर काही मिनिटांनी हृदय आपोआप सुरू झाल्याच्या नोंदीही आहेत, म्हणून थांबल्यानंतर काही वेळ रुग्णावर लक्ष ठेवायला सांगतात.

चौथा रकाना लहान ठेवा. मेंदूमृत रुग्णाचे हात छातीवर आले, याचं कारण डॉक्टर सांगेल. पण शेजारच्या खोलीतल्या रुग्णाचेही हात त्याच मिनिटाला तसेच आले होते, हे दोन वेगवेगळ्या नर्सच्या नोंदी शेजारी ठेवल्यावरच कळतं. इतकंच उरू द्या.

भुताचे नियम तीनपेक्षा जास्त नकोत, आणि ते पडद्यावर कुणी बोलून दाखवायचे नाहीत. उदाहरणार्थ: ते फक्त जुन्या इमारतीत असतं, रुग्णाला इजा करू शकत नाही, आणि ज्याने त्याचं नाव केस पेपरवर लिहिलं, त्यालाच दिसतं. नियम लिहून ठेवा आणि शेवटच्या भागातही मोडू नका. भुताने एखादा रुग्ण बरा केला, तर त्याची किंमत दुसरीकडे मोजली गेली पाहिजे. फुकटचा चमत्कार झाला, की पुढच्या प्रत्येक मरणाच्या वेळी प्रेक्षक विचारतो, मग याला का नाही वाचवलं?

जुना गुन्हा, नवा गुन्हा

या प्रकारातली सर्वांत अभ्यासण्याजोगी मालिका म्हणजे लार्स फॉन ट्रीअर यांची डॅनिश ‘रिगेट’. १९९४ मध्ये चार भाग, १९९७ मध्ये आणखी चार, आणि २०२२ मध्ये शेवटचे पाच. घटना कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटलमध्ये घडतात. कापड भिजवून पांढरंशुभ्र करण्याच्या जुन्या तळ्यांवर ते उभं आहे, असं सुरुवातीलाच सांगितलं जातं. लिफ्टच्या पोकळीतून एका मुलीचं रडणं ऐकू येतं, आणि त्या मुलीचा जीव एका डॉक्टरनेच घेतलेला असतो. त्याच वेळी आजच्या रुग्णालयात एक बढाईखोर सर्जन, त्याच्या शस्त्रक्रियेत मेंदूला इजा झालेल्या दुसऱ्या मुलीचा कागद दडवायची धडपड करतो आहे. दोन्ही मुलींचा अपराधी पांढऱ्या कोटातला. भूत तिथे भीतीपुरतं येत नाही, जिवंत माणसं जे दडवत आहेत त्याकडे बोट दाखवायला येतं. आणि सत्य शोधणारी कोण, तर आजाराचं निमित्त काढून पुन्हा पुन्हा दाखल होणारी एक वयस्क रुग्ण. खाटेवर पडलेल्या माणसाला डॉक्टरपेक्षा जास्त ऐकू येतं, हे त्या मालिकेने अचूक ओळखलं.

तुमच्या संहितेसाठी यातून एक काम घ्या. भुताचा भूतकाळ लिहिण्याआधी आज कोणता कागद गायब आहे ते ठरवा. चुकीचा डोस, उशिरा बोलावलेला डॉक्टर, बदललेली वेळ. तो कागद कुणाच्या कपाटात आहे, हे पहिल्या भागाच्या आधी तुम्हाला माहीत असलंच पाहिजे.

आवाज, आणि नेहमीच्या चुका

संगीत कमी करा. वॉर्डाचा स्वतःचा आवाज असतो: व्हेंटिलेटरचा श्वास, ट्रॉलीचं एक वाकडं चाक, वायुवीजनाची घरघर. या घरघरीबद्दल एक प्रसिद्ध नोंद आहे. विक टँडी नावाच्या इंग्लिश अभियंत्याने १९९८ मध्ये लिहिलं, की वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत जाणवणाऱ्या ‘अस्तित्वा’चा माग त्याला एका पंख्यापर्यंत लागला. त्या पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला न कळणारा कंप तयार होत होता. घरच्या टीव्हीचे स्पीकर इतका खालचा आवाज देऊ शकत नाहीत, त्यामुळे तो मिसळून उपयोग नाही. त्यापेक्षा सतत असणारी घरघर प्रसंगाच्या ऐन मध्यावर तोडा. पोकळी लगेच जाणवते.

सरळ रेघेवर शॉक देऊ नका. हृदयाची विद्युत क्रिया पूर्ण थांबली असेल, तर डिफिब्रिलेटरचा, म्हणजे शॉक देणाऱ्या यंत्राचा, उपयोग नसतो. तिथे छाती दाबणं आणि ॲड्रेनालिन. शॉक देतात तो व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनसारख्या लयींना, ज्यात हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरत राहतात. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबतात, कोपरं ताठ ठेवून, आणि दाबणारा दर दोन मिनिटांनी बदलतो. जिवंत नटावर हे करता येत नाही, म्हणून मालिकांमध्ये कोपरं वाकलेली दिसतात. बाहुलीवर जवळून चित्रण करा, आणि नट चौकटीत असताना कॅमेरा दाबणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवा.

दुसरी चूक म्हणजे नर्स नाहीशा होणं. खऱ्या वॉर्डात डॉक्टर येतात आणि जातात, रात्रभर थांबते ती नर्स. तिला फक्त ‘डॉक्टर, लवकर या’ एवढंच वाक्य दिलं, तर प्रेक्षकाचे डोळेच काढून घेतल्यासारखं होतं. आणि मनोरुग्णांना भुताचं निवासस्थान करू नका. त्यातून खऱ्या माणसांविषयी खोटी भीती पसरते, शिवाय त्या रुग्णाचं म्हणणं कुणी ऐकत नाही हा जास्त धारदार प्रसंग वाया जातो.

भागाचा शेवट किंकाळीवर नको. सकाळचा हँडओव्हर लिहा. नर्स रात्रीची नोंद करते आहे, पेन थांबलं आहे. तिने जे पाहिलं ते लिहायला तक्त्यात रकाना नाही. ती लिहिते: ‘३:४०, ३:५० आणि ४:०५, खाट ९ ची बेल. तपासली. खाट रिकामी.’ नवी नर्स वाचते आणि विचारते, “पण वायर तर तुमच्या टेबलावरच आहे ना?”