ठाणे-नवी मुंबईतून सीएमपी: कागद, गणितं आणि ‘सर्वांत आधी काय?’

इव्हेंटच्या धंद्यात दहा वर्षं काढलेला माणूस सीएमपी या प्रमाणपत्राच्या परीक्षेला अडतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक तर अर्जाला लागणारे कागद त्याच्याकडे नसतात, नाहीतर रोजच्या कामाची सवय परीक्षेत आड येते. पाठांतर त्यानंतरची गोष्ट, म्हणून आधी कागदांचं पाहू.

सीएमपी म्हणजे सर्टिफाइड मीटिंग प्रोफेशनल. १९८५पासून चालू असलेलं हे प्रमाणपत्र अमेरिकेतली इव्हेंट्स इंडस्ट्री कौन्सिल देते. २०१७पर्यंत तिचं नाव कन्व्हेन्शन इंडस्ट्री कौन्सिल होतं. जुन्या नोट्समध्ये सीआयसी असं दिसलं तर ती हीच संस्था, पण नोट्स तेवढ्या जुन्या आहेत हेही ध्यानात घ्या.

अर्जासाठी नेहमीचा मार्ग म्हणजे मागच्या पाच वर्षांत ३६ महिने पूर्णवेळ काम. इव्हेंट किंवा हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटची पदवी असेल तर २४ महिने. शिवाय त्याच पाच वर्षांतलं २५ तासांचं शिक्षण.

आता अडचण अशी की ठाण्यातल्या लहान एजन्सीत नेमणूकपत्र मिळतंच असं नाही. पगार अर्धा बँकेत, अर्धा रोखीत; हुद्दा ‘सगळंच बघतो’. तेव्हा मालकाकडून लेटरहेडवर पत्र घ्या, आणि त्यात रुजू झाल्याची तारीख, पूर्णवेळ असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि कामाचं स्वरूप, एवढं हवंच. ‘इव्हेंट सांभाळले’ असं मोघम लिहून भागत नाही. सीएमपीचा अभ्यासक्रम नऊ डोमेनमध्ये विभागलेला आहे: धोरणात्मक नियोजन, प्रकल्प व्यवस्थापन, जोखीम, पैसा, मनुष्यबळ, भागधारक म्हणजे स्टेकहोल्डर्स, कार्यक्रमाची रचना, जागा आणि मार्केटिंग. पत्रातली कामं याच भाषेत उतरवा. ‘तीनशे जणांच्या डीलर मीटचं बजेट बांधलं, हॉलशी करार केला, नोंदणी सांभाळली’ हे वाक्य तीन डोमेनमध्ये बसतं. नोकरी सोडताना हे पत्र घेऊनच बाहेर पडा. दोन वर्षांनी जुन्या मालकाला फोन करून पत्र मागणं फार जड जातं.

२५ तास म्हणजे घड्याळाचे तास. दिवसभराच्या परिषदेतला चहा, जेवण आणि दीपप्रज्वलन त्यात धरू नका. एमपीआय, पीसीएमए अशा नियोजनकर्त्यांच्या संस्थांची ऑनलाइन सत्रं सोयीची पडतात. आठवड्याला एका तासाची दोन केलीत तर तेरा आठवड्यांत हिशेब पुरा होतो. प्रत्येक प्रमाणपत्रावर तुमचं नाव, तारीख, तास आणि विषय आहे ना, हे त्याच दिवशी पाहा.

आणि नाव. अर्जावर, प्रमाणपत्रांवर आणि ओळखपत्रावर ते अगदी सारखं हवं. लग्नानंतर पॅनवर एक आडनाव, पासपोर्टवर दुसरं, मधलं नाव कुठे वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहा. परीक्षेला ओळखपत्रावर फोटो आणि सही दोन्ही लागतात, म्हणूनही पासपोर्टच बरा.

शुल्क डॉलरमध्ये आणि दोन हप्त्यांत जातं: आधी अर्जाचं, मंजुरीनंतर परीक्षेचं. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून ठेवा आणि बँक वर किती टक्के लावते तेही विचारा. मंजुरी मिळाली की परीक्षेसाठी वर्षभराची मुदत असते. ती ‘सीझन संपल्यावर बघू’ म्हणत घालवणारे पुष्कळ. आपल्याकडे सीझन दिवाळीनंतर चढतो तो मार्चअखेरपर्यंत उतरत नाही. अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये टाकून पावसाळ्यात परीक्षा दिली तर अभ्यासाला सलग वेळ मिळतो.

परीक्षा इंग्रजीत, साडेतीन तासांची, १६५ बहुपर्यायी प्रश्नांची. त्यातले १५ प्रश्न नुसतेच चाचणीसाठी असतात, गुणांत धरत नाहीत. पण ते कुठले हे कळत नाही, त्यामुळे सगळेच मन लावून सोडवायचे. एका प्रश्नाला साधारण ७६ सेकंद येतात. वाचनासाठी कौन्सिलचं मॅन्युअल हा पाया धरा, बाकी सगळं त्याच्या जोडीला.

गणितं थोडी आहेत, पण हमखास गुण देणारी. ब्रेक-ईव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा व्हायला किती माणसं लागतील, ते बघा. हॉल, साउंड, वक्त्यांचा प्रवास असा ठरीव खर्च ६ लाख रुपये. नोंदणी शुल्क ४,००० रुपये. जेवण आणि किट धरून माणशी खर्च १,६०० रुपये. प्रत्येक माणसामागे हातात २,४०० राहतात. ६ लाखांना २,४०० ने भागलं की २५० माणसं. १,२०,००० रुपये शिल्लक हवी असेल तर ती ठरीव खर्चात मिळवायची आणि मग भागायचं: ३००. घाईत लोक शिल्लक विसरतात किंवा माणशी खर्च वजा न करता सरळ ४,००० ने भागतात. १५० हे उत्तर पर्यायांत तुमची वाटच बघत असतं. (प्रत्यक्ष कामात आणखी एक खड्डा आहे. ४,००० मध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला असेल तर तुमच्याकडे येतात जेमतेम ३,३९० आणि माणसं लागतात ३३६. परीक्षेत मात्र दिलेल्या आकड्यांबाहेर जाऊ नका.)

ॲट्रिशन, म्हणजे करारापेक्षा कमी खोल्या भरल्या तर पडणारा भुर्दंड, त्याहून चिवट. हॉटेलशी करार आहे १०० खोल्यांचा, तीन रात्रींचा, म्हणजे ३०० रूम नाइट्स. २० टक्के कमी भरल्या तरी चालतील अशी सूट आहे, तेव्हा २४० भरायलाच हव्यात. प्रत्यक्षात गेल्या पहिल्या रात्री ९०, दुसऱ्या ७०, तिसऱ्या ५०, एकूण २१०. हिशेब एकत्रित असेल तर कमी पडल्या ३०, दर ७,००० धरला तर २,१०,००० रुपये. हिशेब रात्रवार असेल तर रोज ८० हव्यात: पहिल्या रात्री काही नाही, दुसऱ्या रात्री १०, तिसऱ्या रात्री ३०. झाल्या ४०, आणि भुर्दंड २,८०,०००. पहिल्या रात्रीच्या जादा दहा खोल्या रात्रवार हिशेबात कामी येत नाहीत. सत्तर हजारांचा फरक करारातल्या एका शब्दाचा आहे, आणि शेवटच्या दिवशी दुपारच्या गाडीने घरी पळणारी मंडळी आपल्याकडे भरपूर असल्यामुळे तो शब्द महागात पडतो.

आता सवयीबद्दल. प्रश्न येतो: नव्या क्लायंटने दोन दिवसांच्या परिषदेचं काम दिलं, नियोजनकर्त्याने सर्वांत आधी काय करावं? ठाण्यातल्या माणसाचा हात आपोआप फोनकडे जातो. घोडबंदर रोडवरचा हॉल मोकळा आहे का, नाहीतर वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र मिळेल का, तारीख गेली तर सगळंच गेलं. धंद्याच्या दृष्टीने ते चूक म्हणता येत नाही. परीक्षेला मात्र हवं असतं उद्दिष्ट: ही परिषद कशासाठी आणि ती जमली हे कशावरून ठरणार. जागा त्यानंतर. ‘सर्वांत आधी’, ‘सर्वांत योग्य’ अशा शब्दांचे प्रश्न पुष्कळदा असे असतात की चारही पर्याय कधी ना कधी करायचेच असतात, आणि विचारलेला असतो क्रम.

जोखमीचंही तसंच. जुलैतला कार्यक्रम म्हटलं की आपण ताडपत्री आणि जनरेटर सांगून मोकळे होतो. परीक्षा आधी विचारते की हे घडण्याची शक्यता किती आणि घडलं तर फटका किती, उपाय त्यानंतर. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकल बंद पडली आणि वाशीच्या खाडीपुलावर गाड्या तुंबल्या तर नोंदणी दीड तास उशिरा चालू होईल, एवढं तरी कागदावर मांडायची सवय लावून घ्या.

शब्दांची वेगळी वही करा. ड्रेएज हा शब्द आपल्या कुणाच्या तोंडी नाही, पण माल गाडीतून उतरवून स्टॉलपर्यंत नेणं आणि प्रदर्शन उठल्यावर परत आणणं म्हणजे ड्रेएज. आपल्या बिलात तो हमाली म्हणून एका ओळीत येतो. बीईओ म्हणजे हॉटेलला द्यायची एकेका समारंभाची खाण्यापिण्याची आणि मांडणीची सविस्तर ऑर्डर. गॅरंटी म्हणजे आपण म्हणतो तो प्लेटांचा आकडा. मापं फूट-इंचांत पाठ करा: ६० इंची गोल टेबलावर ८ जण, ७२ इंचीवर १०. स्टेज असेल तर स्टेजकडे पाठ येणाऱ्या खुर्च्या काढाव्या लागतात आणि तेवढी टेबलं वाढतात. हॉलवाला ही गोष्ट आपण होऊन सांगत नाही.

परीक्षा प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत होते, केंद्रावर जाऊन किंवा घरून. घरून द्यायची तर खोलीत एकटे हवेत, टेबल रिकामं, दार बंद. महावितरणचं देखभालीचं काम त्या दिवशी आहे का ते आधी पाहा, आणि सोसायटीत पूजा किंवा खाली लाउडस्पीकर असेल तर सरळ केंद्र गाठा. ठाण्याहून किंवा नेरुळहून निघताना दोन तास हाताशी ठेवा. उशीर झाला तर आत घेत नाहीत.

प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, मग नूतनीकरण. त्यासाठी पुन्हा शिक्षणाचे तास दाखवावे लागतात, म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात ईमेलमध्ये नवा फोल्डर उघडा आणि पहिलं वेबिनार केलंत की त्याचं प्रमाणपत्र तिथे टाका.