घरचा स्टोरेज सर्व्हर : डिस्कला दोष देण्यापूर्वी

घरी स्टोरेज सर्व्हर उभारू पाहणाऱ्यांचा बहुतेक वेळ डिस्क निवडण्यात आणि मिरर (माहितीची हुबेहूब दुसरी प्रत) घ्यावा की पॅरिटी (हरवलेली माहिती पुन्हा काढता येईल अशी जादा नोंद), या वादात जातो. त्या विषयांची येथे उजळणी करत नाही. पूल (अनेक डिस्क मिळून केलेला एक साठा), स्क्रब (साठ्यातील सर्व माहिती वाचून पडताळणे), स्नॅपशॉट (साठ्याची त्या क्षणीची नोंद) हे शब्द तुम्हांला परिचित आहेत, असे गृहीत धरून मी त्या भागाविषयी लिहीत आहे, ज्याकडे कोणी पाहत नाही आणि ज्याने मला सर्वांत जास्त छळले: वीज, तारा आणि अनेक डिस्कना मिळून एकच असलेला कोणताही दुवा.

माझा सर्व्हर चार डिस्कवर विनातक्रार चालत होता. डिस्कची संख्या आठ केल्यानंतरच्या पहिल्याच स्क्रबमध्ये दोन डिस्कवर वाचनाच्या चुका दिसल्या आणि त्यांपैकी एक पूलमधून बाहेर फेकली गेली. प्रचलित सल्ल्यानुसार ती बदलली, तेव्हा नव्या डिस्कवर माहितीची पुनर्बांधणी चालू असतानाच तिसरीच डिस्क गळाली. या टप्प्यावर नवशिक्याच्या मनात एकच विचार येतो, तो म्हणजे डिस्कची संपूर्ण खेपच सदोष असली पाहिजे. तो विचार माझ्याही मनात ठाण मांडून बसला होता. प्रत्यक्षात त्या सर्व डिस्क धडधाकट होत्या. दोष होता तो एका सॅटा (डिस्क जोडण्याची प्रचलित पद्धत) जोडणीतून चार डिस्कना वीज वाटून देणाऱ्या स्प्लिटरचा.

यामागचे गणित सविस्तर देते, कारण ते एकदा समजले की असे अनेक पेच आपोआप सुटतात. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना बारा व्होल्टच्या तारेतून साधारण दोन अँपिअर, म्हणजे चोवीस वॅटच्या आसपास वीज ओढते. पूर्ण वेगाला पोहोचल्यावर ही गरज काही वॅटांवर येते. सॅटाच्या वीजजोडणीत बारा व्होल्टसाठी तीन पिना असतात आणि प्रत्येक पिनेची मर्यादा दीड अँपिअर असते, म्हणजे संपूर्ण जोडणी साडेचार अँपिअरपर्यंतच वाहू शकते. एका डिस्कसाठी हे पुरेसे आहे. त्याच जोडणीला स्प्लिटर लावून चार डिस्क टांगल्या, तर सुरुवातीच्या क्षणी मागणी आठ अँपिअरवर जाते. पॉवर सप्लायवर साडेपाचशे वॅट लिहिलेले असल्यामुळे आपण निश्चिंत असतो. परंतु अडचण एकूण वॅटची नसून त्या इवल्याशा तीन पिनांची असते. त्या तापतात, त्यांचा रोध वाढतो आणि पलीकडे पोहोचणारा व्होल्टेज घसरतो.

मग हे नेहमीच्या वापरात का दिसत नाही? नेहमीच्या वापरात एखाददुसरी डिस्क काम करते आणि बाकीच्या नुसत्या फिरत असतात. स्क्रबमध्ये किंवा पुनर्बांधणीत मात्र सर्व डिस्कची शीर्षे तासन्‌तास एकाच वेळी हलत राहतात आणि ती हलवण्यासाठीही बारा व्होल्टचीच वीज लागते. आधीच कमकुवत असलेली जोडणी अशा वेळी क्षणभर कच खाते, एखादी डिस्क स्वतःला रीसेट करते, कर्नलच्या (कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदींत ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ अशी ओळ उमटते आणि झेडएफएस (पूल सांभाळणारी फाइलप्रणाली) त्या डिस्कला सदोष ठरवून मोकळे होते. डिस्क बदलण्याचा उपाय म्हणूनच घातक ठरतो. पुनर्बांधणी हे दुसरे नाव घेऊन आलेले तेच काम असते आणि त्या काळात तुमच्याकडे एका डिस्कचे संरक्षण कमी असते.

हे ओळखावे कसे, याचे उत्तर डिस्कच्या स्वतःच्या स्मार्ट नोंदींत, म्हणजे ती आपल्या प्रकृतीविषयी ठेवते त्या क्रमांकित आकड्यांत असते. पाच, १९७ आणि १९८ हे क्रमांक चकतीच्या पृष्ठभागाविषयी बोलतात. ते वाढत असतील तर डिस्क खरोखरच आजारी आहे आणि तिच्यावर दया दाखवू नये. क्रमांक १९९ डिस्क आणि कंट्रोलर (डिस्कला संगणकाशी जोडणारा भाग) यांच्यामधील वहनातल्या चुका मोजतो. तो वाढत असेल तर संशय प्रथम डेटा केबलवर घ्यावा. हा आकडा पुन्हा कधीही शून्य होत नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा कालपेक्षा आज किती वाढला हे महत्त्वाचे. केबल बदलण्यापूर्वी तो लिहून ठेवावा. क्रमांक १२ म्हणजे डिस्कची वीज किती वेळा जाऊन आली याची गणती. सर्व्हर एकदाही बंद झालेला नसताना एखाद्या डिस्कचा हा आकडा वाढला असेल, तर वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. १९२ हा क्रमांकही (अचानक वीज गेल्याने शीर्षे मागे घेतल्याची गणती) त्याच्याबरोबर वाढलेला दिसण्याची शक्यता असते.

त्यानंतरची चाचणी साधी आहे. तक्रार करणारी डिस्क आणि निरोगी डिस्क यांच्या जागांची अदलाबदल करावी, परंतु केबल जिथल्या तिथेच ठेवाव्यात. चूक डिस्कबरोबर गेली तर डिस्क दोषी. चूक त्याच जागी राहिली तर केबल, पोर्ट किंवा वीज दोषी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. घाईघाईने केबल, डिस्क आणि पोर्ट ही तिन्ही बदलून सर्व्हर सुरळीत झाला, तरी नेमके काय बिघडले होते हे कधीच कळत नाही आणि सदोष केबल पुढच्या वापरासाठी खणात जाऊन पडते.

वीज दोषी ठरली, तर उपायाला विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण लागत नाही. पॉवर सप्लायसोबत आलेल्या मूळ केबलवर ओळीने असलेल्या जोडण्या वापराव्यात आणि डिस्क किमान दोन स्वतंत्र केबलांवर विभागाव्यात. जोडण्या कमीच पडत असतील तर स्प्लिटर जुन्या चार पिनांच्या मोलेक्स जोडणीवरून घ्यावा, कारण तिची बारा व्होल्टची पिन कितीतरी अधिक भार सोसते. मात्र प्लास्टिक ओतून बंद केलेल्या साच्यातला स्प्लिटर घेऊ नये, कारण त्यातील तारा एकमेकींना टेकून जोडणी जळाल्याची उदाहरणे आहेत. तारा स्वतंत्रपणे दाबून बसवलेल्या दिसतात असा घ्यावा.

एक इशारा मात्र कोणताही दिलासा न जोडता देते. सुट्या केबलांच्या पॉवर सप्लायमध्ये दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल कधीही लावू नका. खोबणीत ती बिनदिक्कत बसू शकते, पण सप्लायच्या बाजूची पिनांची रचना उत्पादकानुसार, कधीकधी एकाच उत्पादकाच्या दोन मॉडेलांमध्येही वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले की त्या केबलवरील सर्व डिस्क एका क्षणात मरतात, आणि तिथे मिरर किंवा पॅरिटी कामाला येत नाही.

विजेनंतरचा सामाईक दुवा म्हणजे कंट्रोलर कार्ड. मोठ्या सर्व्हरमधून काढलेली जुनी एचबीए कार्डे (अनेक डिस्क जोडण्यासाठीची कंट्रोलर कार्डे) चांगली असतात, परंतु ती जोरदार वाऱ्याच्या झोताखाली चालण्यासाठी बनवलेली असतात. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये त्यांच्यावर वाराच येत नाही, ती तापतात आणि त्यांना जोडलेल्या सगळ्याच डिस्कवर विस्कळीत चुका दिसू लागतात. कार्डावर एक छोटा पंखा बसवला की प्रश्न मिटतो. स्मृतीचेही (रॅमचेही) तसेच. झेडएफएसच्या स्थितिदर्शक तक्त्यात वाचन आणि लेखन यांचे रकाने शून्य असून फक्त चेकसमच्या (माहिती अबाधित आहे का, या पडताळणीच्या) रकान्यात, तोही अनेक डिस्कवर साधारण सारखाच आकडा दिसत असेल, तर डिस्कने माहिती दिली पण ती चुकीची निघाली, असा त्याचा अर्थ. एवढ्या डिस्क एकाच वेळी खोटे बोलू लागत नाहीत. रात्रभर मेमटेस्ट ही स्मृतीची चाचणी चालवावी आणि ती पूर्ण होईपर्यंत स्क्रब करू नये.

नवी डिस्क पूलमध्ये घालण्यापूर्वी तिची परीक्षा घेण्याचा मला आग्रह धरावासा वाटतो, आणि हा आग्रह बहुतेकांना जाचक वाटतो हेही ठाऊक आहे. बारा टेराबाइटची डिस्क सेकंदाला दोनशे मेगाबाइटच्या वेगाने एकदा पूर्ण वाचायला सुमारे सतरा तास लागतात. बॅडब्लॉक्स या साधनाची लेखनचाचणी चार नमुने लिहून प्रत्येक नमुना परत वाचते, म्हणजे अशा आठ फेऱ्या होतात आणि जवळजवळ सहा दिवस जातात. एवढा धीर नसेल तर स्मार्टची दीर्घ चाचणी तरी करावीच. लेखनचाचणी डिस्कवरील सर्व काही पुसते, म्हणून आदेश देण्यापूर्वी ती हीच डिस्क आहे हे अनुक्रमांक वाचून पडताळावे. अनुक्रमांकच, कारण यंत्रणेने दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. प्रत्येक डिस्कच्या दर्शनी कडेवर अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक चिकटवून ठेवावेत. आधीच दुबळ्या झालेल्या पूलमधून चुकून निरोगी डिस्क उपसून काढण्याचा प्रसंग यामुळे टळतो.

जागा वाढवताना अ‍ॅड आणि अटॅच या दोन आदेशांतील फरक जिवावर बेतणारा आहे. अ‍ॅड केल्यास एकटी डिस्क पूलमध्ये स्वतंत्र घटक म्हणून जाते आणि तिला कोणतेच संरक्षण नसल्यामुळे तिच्या मृत्यूबरोबर संपूर्ण पूल जातो. पूलमध्ये रेड-झेड (झेडएफएसची पॅरिटीची रचना) घटक असेल तर ती काढून घेण्याची सोयही नसते. अ‍ॅड आदेशाला ‘एन’ हा पर्याय जोडला की प्रत्यक्ष बदल न करता भावी रचना दाखवली जाते. ती वाचण्याचा कंटाळा करू नये. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ पासून रेड-झेड घटकात एकेक डिस्क अटॅच करून तो रुंदावता येतो. ही फार मोठी सोय आहे. मात्र आधीची माहिती पुन्हा लिहिली जाईपर्यंत जुन्याच प्रमाणात पसरलेली राहते, त्यामुळे अपेक्षेपेक्षा कमी जागा दिसली तर घाबरून जाऊ नये.

कॅशसाठी (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवण्यासाठी) एसएसडी लावण्याचा सल्ला मी नवशिक्यांना देत नाही. एक गिगाबिटचे नेटवर्क सेकंदाला एकशे दहा मेगाबाइटच्या आसपास थकते आणि सलग वाचन करणारी एकच आधुनिक डिस्क त्याहून वेगवान असते. तो पैसा स्मृतीवर किंवा यूपीएसवर खर्च करावा. मार्गदर्शकांविषयीही माझे मत थोडे कडू आहे. पहिल्याच वाक्यात नवी खरेदी सुचवणारा कितीही अनुभवी असला तरी त्याच्यापासून दूर राहावे. कर्नलच्या नोंदी, स्मार्टचे आकडे आणि कोणती डिस्क कोणत्या केबलवर आहे याची यादी आधी मागणारा माणूस मिळाला, तर त्याचा तुटक स्वर खुशाल सहन करावा.

बॅकअपच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारत राहा: दोन प्रतींमध्ये सामाईक काय आहे? एकाच यंत्रातील दोन पूल एकाच पॉवर सप्लायवर असतात. नेटवर्कवर सदैव जोडलेली आणि त्याच पासवर्डने उघडणारी दुसरी प्रत खंडणीखोर व्हायरसला पहिलीइतकीच खुली असते. २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने एसएमबीच्या (विंडोजच्या फाइल शेअरिंग पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा कसा फायदा घेतला हे पाहता ती आवृत्ती बंद ठेवावी आणि फाइल शेअरिंगचे पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नये. दुसरी प्रत सर्व्हरने ढकलण्याऐवजी बॅकअप घेणाऱ्या यंत्राने स्वतःच्या खात्याने ओढून न्यावी, म्हणजे सर्व्हर ताब्यात गेला तरी त्या प्रतीवर लिहिण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. पूल कूटबद्ध केला असेल तर त्याची किल्ली कुठे आहे तेही तपासा. पासवर्डची फाइल त्याच सर्व्हरवर आणि तिची एकमेव प्रत त्याच किल्लीने बंद केलेल्या बॅकअपमध्ये, अशी रचना नकळत होऊन बसते. किल्ली कागदावर छापून यंत्रापासून दूर ठेवावी आणि त्या कागदावरून टंकून पूल एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा.