लोह ताटात असतं, अंगी लागत नाही

बायकांनो, लोह वाढवायचं म्हणून नुसती पालेभाजी वाढवू नका. पालकात लोह असतं, पण ते शरीरात फारच थोडं शोषलं जातं. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या यांतलं लोह पचवायला 'क' जीवनसत्त्वाची सोबत लागते. म्हणून वाढलेल्या गरम डाळीवर, अगदी घास घेण्याआधी, अर्धं लिंबू पिळा. आधीच पिळून उकळलंत तर उष्णतेने 'क' जीवनसत्त्व बरंचसं जातं. पेरू, संत्रं, कच्ची ढोबळी मिरचीही चालेल, फक्त त्याच जेवणात हवी. कडधान्यं भिजवून मोड आणले की लोह अडवणारं फायटेट कमी होतं.

आणि चहा! जेवणावर लगेच चहा-कॉफी घेतली की लोह अडतं. निदान तासभर थांबाच. कॅल्शियमची गोळीही जेवणासोबत नको. मांस-मासे खात असाल तर त्यातलं लोह सहज शोषलं जातं.

पाळीत रक्तस्राव जास्त असेल, जिने चढताना धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका.