गायरानातलं गाजरगवत: पाला भुंग्याला, मूळ आपल्याला

चांगला पाऊस झाला की थोड्याच दिवसांत गायरानात आणि बांधावर गाजरगवताची रोपं जमिनीला चिकटून पसरलेली दिसतात. उपटायची वेळ हीच. पुढे महिना-दीड महिन्यात फुलं येतात आणि मोठं झाड हजारोंनी बी टाकतं.

विळ्याने कापणं म्हणजे वाया गेलेली मजुरी. बुडखा राहिला की फुटवे येतात. ओल असताना बुडाशी धरून सोटमूळ ओढा. तुटलंच तर खुरपं बुडख्याच्या खाली घाला. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकावर रुमाल हवाच. ज्याला या गवताने खाज किंवा दम लागतो, त्याने या कामाला जाऊ नये.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या चराऊ रानात मुळावरचं हे काम किडे करतात. तिथे सोडलेल्या एका सोंडकिड्याची अळी खोड पोखरत बुडख्यापर्यंत उतरते, एका पतंगाची अळी थेट सोटमुळात शिरते. मूळ पोखरलं की पाणी वर चढत नाही आणि पावसाने ओढ दिली की झाड बसतं. आपल्याकडचा मेक्सिकन भुंगा (गाजरगवत आवरायला 1984 मध्ये भारतात आणलेला) मुळाला तोंड लावत नाही; तो आणि त्याची अळी पाला आणि शेंडे खातात. मुळाशी दिसलेली पांढरी, वाकडी अळी मित्र समजू नका, ती बहुधा हुमणी असते आणि चाऱ्याचं गवतही खाते.

म्हणून जागा वाटून घ्या. पिकाच्या कडेचं, गोठ्याजवळचं गवत उपटा. पडीक, मोठ्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हेक्टरी 500 भुंगे सोडा. ते छिद्रं पाडलेल्या डब्यात, गाजरगवताच्या पाल्यासकट, सावलीतून आणा आणि एकाच दाट, कोवळ्या घोळक्यात सोडा. पसरून टाकले तर जोड्या जमत नाहीत. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण महिना लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी फार फरक दिसत नाही. अनेक जण इथेच कंटाळून तणनाशक मारतात. मग पाला वाळतो आणि अळ्या उपाशी मरतात.

भुंग्यांनी पाला संपवून उघड्या पडलेल्या जागी तरोट्याचं (टाकळ्याचं) बी फेका, म्हणजे तरोटा गाजरगवताला दाबतो. थंडी लागली की भुंगे मातीत शिरतात; तो पट्टा पुढच्या पावसापर्यंत नांगरू नका, पेटवूही नका.