रेकबॅकचा हिशेब: पोकर साइटच्या बक्षीस योजनेतून हाती किती पडतं?

पोकरची साइट तुमच्या हारजितीत भागीदार नसते. तिची कमाई म्हणजे पॉटमधून, म्हणजे डावात सगळ्यांनी लावलेल्या पैशांतून, कापलेला रेक. कॅश गेममध्ये (टुर्नामेंट नव्हे, प्रत्येक डाव थेट पैशांवर) तो बहुधा ५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्याला कमाल मर्यादा असते. दिवसाला हजारो डाव खेळणारा तिच्या दृष्टीने घाऊक गिऱ्हाईक, म्हणून त्याच्या रेकमधला काही हिस्सा परत मिळतो. हाच रेकबॅक. पॉइंट, बक्षिसाची पेटी, लेव्हल ही सगळी त्याचीच नावं.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगायला हवं: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातीवर बंदी घातली, पोकरही त्यात आला. पुढचा हिशेब ब्रिटनसारख्या परवाना पद्धत असलेल्या देशांत राहणाऱ्यांसाठी आहे.

सुरुवात अटींच्या पानावरून करा. रेक तुमच्या नावावर कसा मांडतात ते शोधा. समजा सहा जणांच्या टेबलवर ६० डॉलरचा पॉट झाला, तिघांनी २०-२० घातले, बाकीच्यांनी काहीच न घालता पत्ते टाकून डाव सोडला, आणि ३ डॉलर रेक कापला. घातलेल्या पैशांच्या प्रमाणात वाटणी असेल तर त्या तिघांच्या नावे १-१ डॉलर, बाकीच्यांना शून्य. पत्ते मिळालेल्या सगळ्यांत समान वाटणी असेल तर प्रत्येकाला ५० सेंट. दुसऱ्या पद्धतीत नुसते पत्ते टाकत बसणाऱ्याचा फायदा होतो. पोकरस्टार्स या साइटने जानेवारी २०१२ पासून प्रमाणाची पद्धत घेतली, तेव्हा अशाच खेळाडूंचे पॉइंट घटले.

मग पॉइंटचे पैसे करा. १ डॉलर रेकला १०० पॉइंट आणि ४,००० पॉइंटांना १० डॉलर असतील, तर ४० डॉलर रेकवर १० परत, म्हणजे २५ टक्के. रोख रकमेऐवजी टुर्नामेंटचं तिकीट मिळत असेल तर ते पूर्ण किमतीला धरू नका. ती टुर्नामेंट तुम्ही स्वतःच्या पैशांनी खेळला असता का, एवढंच विचारा.

डिपॉझिट बोनसमध्ये, म्हणजे खात्यात पैसे भरल्यावर मिळणाऱ्या आणि रेक पडेल तसा टप्प्याटप्प्याने हाती येणाऱ्या बोनसमध्ये, मुदत घात करते. १०० डॉलरचा बोनस दर २० डॉलर रेकला ५ डॉलर असा सुटतो आणि मुदत ६० दिवसांची आहे, असं धरा. पूर्ण सोडवायला ४०० डॉलर रेक हवा. तुमचा रोजचा रेक ३ डॉलर असेल तर १८० वरच मुदत संपते: ४५ डॉलर मिळाले, ५५ बुडाले. म्हणून रोजचा रेक काढून, सलग खेळता येईल अशाच काळात पैसे भरा.

सगळ्यात जास्त नुकसान बक्षीस योजनेतली वरची लेव्हल गाठण्याच्या नादात होतं. महिनाअखेरीला २०० डॉलर रेक कमी पडतोय आणि लेव्हल गाठल्यावर ३० डॉलर मिळणार आहेत. १०० डावांना ४ डॉलर रेक पडत असेल तर अजून ५,००० डाव हवेत. दमलेल्या डोक्याने १०० डावांना १ डॉलर जरी हरलात, तरी ३० साठी ५० गेले.

पोकरस्टार्सच्या बक्षीस योजनेतल्या सुपरनोव्हा एलिट या सर्वात वरच्या दर्जासाठी वर्षाला १० लाख पॉइंट लागत, म्हणजे रोज सुमारे २,७४०. २०१५ मध्ये अनेकांनी वर्षभर खपून तो गाठला, आणि २०१६ मध्ये मिळायचे लाभ कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये काढून घेतले. खेळाडूंनी १ ते ३ डिसेंबरला टेबलं सोडून निषेध केला. पुढच्या वर्षी मिळणाऱ्या बक्षिसाची किंमत आजच्या हिशेबात धरू नये, हे माझं ठाम मत त्यावरूनच आहे.

एकाच वेळी खेळायची टेबलं वाढवण्याआधी हे मांडून पाहा. दर टेबलवर तासाला ७५ डाव, १०० डावांना ४ डॉलर रेक, त्यावर २५ टक्के परत. सहा टेबलांवर ४५० डाव. १०० डावांना २ डॉलर जिंकत असाल तर ९ डॉलर खेळातून, ४.५० रेकबॅकमधून, एकूण १३.५०. दहा टेबलांवर ७५० डाव. लक्ष विभागलं आणि जिंकणं अर्ध्या डॉलरवर आलं, तर ३.७५ अधिक ७.५०, एकूण ११.२५. रेकबॅक वाढला, तासाची कमाई घटली. रेकबॅक आणि खेळातली कमाई यांचे रकाने वहीत वेगळेच ठेवा.