नैसर्गिक लॅटेक्सची गादी : किमतीतील फरक पारखून निवड कशी करावी

एकाच मापाच्या, सारख्याच जाडीच्या आणि वरून जवळजवळ एकसारख्या दिसणाऱ्या दोन लॅटेक्स गाद्यांच्या किमतीत दुपटी-तिपटीचा फरक आढळतो आणि दोन्हींवर ‘नैसर्गिक’ असेच छापलेले असते. या फरकाचा काही भाग आतल्या मालाचा असतो, काही गादी बनवण्याच्या पद्धतीचा, काही खोळीचा आणि उरलेला जाहिरात, वाहतूक व विक्रेत्याच्या नफ्याचा. गादी किती वर्षे टिकणार हे मुख्यतः आतला माल ठरवतो, इतर गोष्टींचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून दोन किमतींची तुलना करण्याआधी प्रत्येक किमतीत रबर किती आणि कोणते मिळते आहे, हे काढून घ्यावे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी 1 : आत काय आहे ते लेखी मागावे

रबराच्या झाडाच्या सालीवर तिरकी चीर दिली की पांढरा चीक, म्हणजेच लॅटेक्स, पाझरतो. त्यातील पाण्याचा बराचसा अंश यंत्राने काढून तो सुमारे 60 टक्के घनांशापर्यंत आणतात, मग त्यात गंधक, झिंक ऑक्साइड, साबणासारखे फेस आणणारे पदार्थ घालून घुसळतात आणि साच्यात ओतून वाफेच्या उष्णतेने पक्का करतात. गंधकाशिवाय रबराला लवचीक आणि टिकाऊ रूप येत नाही, त्यामुळे शब्दशः शंभर टक्के चीक असलेली गादी अस्तित्वात नसते. ‘100 टक्के नैसर्गिक’ याचा प्रामाणिक अर्थ एवढाच की वापरलेले सर्व रबर झाडाचे आहे आणि प्रक्रियेसाठी लागणारे इतर पदार्थ थोड्या प्रमाणात आहेत. जो विक्रेता हे स्वतःहून सांगतो, त्याच्या बाकीच्या उत्तरांवर मी अधिक विश्वास ठेवीन.

स्वस्त गादीत तीन प्रकारे बचत केलेली असते. पहिला प्रकार म्हणजे झाडाच्या रबरात खनिज तेलापासून बनवलेले कृत्रिम रबर मिसळणे. त्याचे पूर्ण नाव स्टायरिन-ब्युटाडाइन रबर आणि व्यवहारातले नाव एसबीआर. असे मिश्रण वाईटच असते असे नाही, ते मऊ आणि एकसारखे बनते, परंतु त्याला नैसर्गिक लॅटेक्सचा भाव देण्याचे कारण नाही. दुसरा प्रकार म्हणजे चिकणमाती किंवा खडूच्या पुडीचा भराव घालणे. त्यामुळे गादी जड आणि भरीव वाटते, पण काही काळाने तिचा भुगा पडू लागतो. तिसरा आणि सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे वर थोडे लॅटेक्स ठेवून खाली साधा पॉलियुरेथेन फोम भरणे. काथ्यावर लॅटेक्स फवारून केलेली रबराइज्ड कॉयरची गादीही कधी कधी याच नावाखाली दाखवली जाते. तिच्यात लॅटेक्सचे काम केवळ काथ्याचे धागे एकमेकांना चिकटवून धरण्याचे असते.

म्हणून प्रश्न मोघम विचारू नये. “गाभ्यातील रबरापैकी नैसर्गिक किती टक्के आणि कृत्रिम किती? भराव घातला आहे का? वरपासून खालपर्यंत प्रत्येक थर कशाचा आणि किती सेंटिमीटरचा आहे?” असे विचारावे आणि उत्तर ईमेलवर किंवा बिलावर घ्यावे. ‘नैसर्गिक लॅटेक्सयुक्त’, ‘लॅटेक्ससारखा आराम’ असे शब्द उत्तरात आले, तर तो आकडा टाळण्याचा प्रयत्न समजावा.

पायरी 2 : वजनाचा हिशेब करावा

विक्रेत्याच्या तोंडी माहितीपेक्षा तराजू अधिक उपयोगी पडतो. नैसर्गिक लॅटेक्सची घनता, त्यातील उभ्या छिद्रांसह, बहुधा दर घनमीटरला 60 ते 95 किलोच्या दरम्यान असते. गाद्यांत वापरला जाणारा साधा फोम बराच हलका, साधारण 25 ते 40 किलोचा असतो. हा फरक लपवता येत नाही.

समजा, गादी 200 सेंटिमीटर लांब, 150 रुंद आणि 20 जाड आहे. तिचे घनफळ 2 गुणिले 1.5 गुणिले 0.2, म्हणजे 0.6 घनमीटर झाले. संपूर्ण गाभा 80 किलो घनतेच्या लॅटेक्सचा असेल, तर केवळ गाभ्याचे वजन 48 किलो भरले पाहिजे आणि खोळीचे वजन त्याहून वेगळे. आता त्याच मापाची दुसरी गादी पाहा, जिच्या माहितीपत्रकावर ‘नैसर्गिक लॅटेक्स गादी’ असे ठळक लिहिले आहे आणि खाली बारीक अक्षरांत खोळीसह वजन 28 किलो दिले आहे. वर 5 सेंटिमीटर लॅटेक्स धरले तर त्याचे 12 किलो होतात. खालचा 15 सेंटिमीटरचा थर 32 किलो घनतेच्या फोमचा धरला तर त्याचे साडेचौदा किलोच्या आसपास होतात. उरलेले दीड किलो खोळीचे. हिशेब चोख जुळतो आणि ही गादी तीन-चतुर्थांश फोमची आहे हे तिला हातही न लावता कळते.

यावरून तुलनेचा एक सोपा आकडा काढता येतो : गादीच्या किमतीला तिच्यातील लॅटेक्सच्या किलोंनी भागावे. वरच्या उदाहरणातील दुसरी गादी पहिलीच्या निम्म्या किमतीला मिळत असली, तरी तिच्यात लॅटेक्स पावपट आहे, म्हणजे लॅटेक्सचा दर किलोमागे दुप्पट पडतो. फोमला काहीच मोल नाही असे नव्हे, पण फोमची गादी घ्यायची असेल तर ती फोमच्या भावात घ्यावी. मात्र हा आकडा पहिल्या पायरीला पर्याय नाही. खनिज भराव रबरापेक्षा कितीतरी जड असतो, त्यामुळे भराव घातलेली गादी वजनात सहज उत्तीर्ण होते. घनता नेहमीपेक्षा फारच जास्त निघाली, तर भरावाविषयी पुन्हा विचारावे.

पायरी 3 : प्रमाणपत्र कशाचे आहे ते वाचावे

प्रत्येक प्रमाणपत्र वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते आणि विक्रेते ती सर्व एकाच ओळीत मांडून ठेवतात. ‘ग्लोबल ऑरगॅनिक लॅटेक्स स्टँडर्ड’, म्हणजेच जीओएलएस, हे चीक सेंद्रिय लागवडीतून आला आहे का आणि कारखान्यापर्यंत त्याचा माग लागतो का हे पाहते. त्यासाठी 95 टक्क्यांहून अधिक कच्चा माल प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो. ‘ओइको-टेक्स स्टँडर्ड 100’ हे घातक रसायनांची मर्यादा तपासते. कृत्रिम रबराची गादीही ते मिळवू शकते, त्यामुळे नैसर्गिकपणाचा पुरावा म्हणून ते चालणार नाही. जर्मनीतील कोलोन येथील ‘इको-इन्स्टिट्यूट’ची चाचणी मुख्यतः उत्सर्जन आणि हानिकारक द्रव्ये यांच्याविषयी असते. ‘जीओटीएस’ हे कापडाचे आणि लोकरीचे मानक आहे. ते खोळीला लागू होते, गाभ्याला नाही.

प्रमाणपत्रावरील क्रमांक देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासावा आणि ते कोणाच्या नावावर आहे व त्याची मुदत संपली आहे का, हेही पाहावे. अनेकदा ते कच्चे लॅटेक्स पुरवणाऱ्या कारखान्याचे असते आणि गादी शिवणाऱ्याने केवळ त्याचे चिन्ह वापरलेले असते. सेंद्रिय लागवडीसाठी जादा पैसे द्यायचे की नाही हा ज्याच्या-त्याच्या मनाचा प्रश्न आहे. सेंद्रिय चिकाची गादी साध्या नैसर्गिक गादीपेक्षा अधिक टिकते असे समजून मात्र ते देऊ नयेत. ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे, त्यांनी कोणत्याही प्रमाणपत्रावर विसंबून न राहता आधी डॉक्टरांना विचारावे; धुण्याच्या प्रक्रियेत चिकातील प्रथिने बरीच कमी होतात, पण शून्य होतात असे धरून चालता येत नाही.

पायरी 4 : डनलॉप की टॅलाले

डनलॉप पद्धतीत फेसाळलेला चीक साच्यात ओतून सरळ वाफेवर पक्का करतात. ओतल्यानंतर जड कण थोडे खाली बसतात, म्हणून ठोकळ्याची खालची बाजू किंचित घट्ट असते. टॅलाले पद्धतीत साचा अर्धवट भरून निर्वात करतात, त्यामुळे फेस फुगून साचा भरतो. मग तो गोठवतात, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि नंतर तापवतात. यातून सर्व बाजूंनी सारखी, हलकी आणि अधिक उसळणारी गादी मिळते, पण यंत्रे आणि वीज जास्त लागत असल्याने ती महाग पडते. शिवाय टॅलाले गाद्यांत कृत्रिम रबराचे मिश्रण बरेचदा असते, तेव्हा पहिल्या पायरीतला प्रश्न येथे पुन्हा विचारावा.

शरीराचा भार पेलणाऱ्या खालच्या थरासाठी टॅलालेचे जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. तेथे घट्टपणा हवा असतो आणि डनलॉप तो कमी किमतीत देते. ज्यांना अंगाखाली मऊपणा हवा आहे, त्यांनी वरच्या 5 ते 8 सेंटिमीटरपुरता टॅलालेचा विचार करावा.

पायरी 5 : घट्टपणा आकड्यात विचारावा, मग झोपून पाहावे

‘मध्यम’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनीकडे वेगळा असतो. लॅटेक्सच्या व्यवहारात आयएलडी नावाचा आकडा चालतो : ठरावीक आकाराची तबकडी दाबून थर त्याच्या जाडीच्या 25 टक्के खाली नेण्यासाठी लागणारे बळ. ढोबळमानाने 20 च्या खालचा थर मऊ, 20 ते 30 मधला मध्यम आणि त्यापुढचा घट्ट समजतात. विक्रेत्याकडे हा आकडा नसेल तर निदान घनता तरी असली पाहिजे. मात्र या दोन्ही गोष्टी एक नाहीत, कारण घनता मालाचे प्रमाण सांगते आणि आयएलडी तो किती दबतो हे सांगतो.

कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि नितंब थोडे आत जाऊ द्यावे लागतात, म्हणून त्याला वरचा थर मऊ हवा. पोटावर झोपणाऱ्याची कंबर खाली गेली तर सकाळी पाठ धरते, म्हणून त्याला घट्ट. वजनदार माणसाला तीच गादी अधिक मऊ लागते. दुकानात काठावर बसून हाताने दाबून पाहण्याने यातले काही कळत नाही. रोज झोपता त्याच बाजूवर, उशी घेऊन, निदान पंधरा मिनिटे पडून राहावे आणि सोबतच्या व्यक्तीला पाठीचा कणा सरळ दिसतो का ते पाहायला सांगावे. घरपोच मागवत असाल, तर परतीची मुदत, परतीच्या वाहतुकीचा खर्च आणि खोळ उघडल्यास परत घेतात का, या तीन गोष्टी लेखी असल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पायरी 6 : पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

माझ्या मते बहुतेकांसाठी सर्वांत शहाणा सौदा मधल्या किमतीत असतो : संपूर्ण नैसर्गिक डनलॉपचा 15 सेंटिमीटरचा गाभा, सरळ सुती खोळ आणि बाकी काही नाही. बजेट त्याहून कमी असेल, तर 20 सेंटिमीटरची मिश्र गादी घेण्याऐवजी चांगल्या घट्ट गादीवर टाकायचा 5 सेंटिमीटरचा शुद्ध लॅटेक्स टॉपर घ्यावा. पैसे कमी लागतात आणि मिळते ते खरे लॅटेक्सच असते.

महागड्या गाद्यांत ज्या गोष्टींवर पैसे लावलेले असतात, त्यांपैकी सुट्या थरांची रचना मला खरोखर उपयोगी वाटते. थर एकमेकांना चिकटवलेले नसतील, तर त्यांचा क्रम बदलता येतो आणि झिजलेला एकच थर बदलता येतो. ‘सात झोन’ वगैरे रचनेविषयी, म्हणजे गादीत कमी-जास्त घट्टपणाचे आडवे पट्टे ठेवण्याविषयी, मी साशंक आहे. हे पट्टे सरासरी उंची धरून आखलेले असतात आणि उंची फार वेगळी असलेल्या माणसाच्या खांद्याखाली भलताच पट्टा येतो. खोळीत पाहायचे एवढेच की ती चेनची असावी, आणि तिच्या शिवणीत जाड फोम भरलेला नसावा, नाहीतर लॅटेक्सचा स्पर्श आणि हवा खेळती राहण्याचा गुण दोन्ही त्या फोमखाली झाकले जातात.

पायरी 7 : वॉरंटीची अट आणि पलंगाचा आधार

वर्षांच्या मोठ्या आकड्यावर भुलू नये. गादी किती खोल बसली तर ती सदोष मानतात हे पाहावे. अडीच सेंटिमीटरची अट आणि चार सेंटिमीटरची अट यांत फार अंतर आहे. काही वॉरंटीत सुरुवातीच्या वर्षांनंतर भरपाई वर्षागणिक घटत जाते, काहींत खोळीवर डाग पडला तरी दावा नाकारतात. आधाराची अट तर जवळजवळ सर्वत्र असते : पट्ट्यांच्या पलंगात दोन पट्ट्यांमधील अंतर साधारण 7 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे आणि सलग फळी असेल तर तिला हवेसाठी छिद्रे असावीत, कारण खाली दमट हवा कोंडली की बुरशी धरते.

गादी घरी आली की चेन उघडून गाभा वरून, खालून आणि कडेने पाहावा, थर मोजपट्टीने मोजावेत आणि फोटो काढून ठेवावेत. शक्य झाल्यास वजनही करावे. सौम्य गोडसर रबरी वास काही दिवसांत जातो; डोळे चुरचुरवणारा रासायनिक वास टिकून राहिला, तर परतीची मुदत संपण्याआधी कळवावे. वास घालवण्यासाठी गाभा उन्हात मात्र टाकू नये. उन्हाने रबर पिवळे पडून ठिसूळ होते, त्यामुळे सावलीत, वाऱ्यावर उभा ठेवणे पुरेसे आहे.